गोदाकाठचा सिंह

2024 सालच्या जुलै महिन्यात आमच्या छत्रपती संभाजीनगरात एक बिबट्या आला. पुंडलिकनगरापासून फार लांब नसलेल्या उल्कानगरीत तो प्रथम कॅमेऱ्याच्या डोळ्यात सापडला, मग एका मोठ्या बाजारसंकुलाच्या आवारात दिसला, आणि पुढे काही दिवस शहर त्याच्याखेरीज दुसऱ्या विषयावर बोलेना. पहाटे फिरायला जाणारी मंडळी घरात बसली. मुले अंगणातून आत आली. बिबट्या आमच्या गल्लीत काही फिरकला नाही. त्याच्याविषयीची मते मात्र घरोघर येऊन गेली.

कोपऱ्यावरच्या घरातल्या आजी म्हणाल्या, "तहानलं आसंल लेकरू. रानात पाणी कुठं राह्यलंय?" ज्या शहराला वर्षानुवर्षे नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने मिळत आले, त्या शहरातल्या आजींना दुसऱ्याची तहान आधी सुचावी हे योग्यच झाले. समोरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले, "जनावर ते जनावरच. स्वभावाला औषध नाही." महाविद्यालयात शिकणारी त्यांची नात त्यांना तोडून म्हणाली, "चूक आपली आहे, आजोबा. आपण त्याच्या घरात शिरलो, तो आपल्या नाही. माणसापेक्षा जनावर बरं." आणि दूध घालणारा गडी हे सारे ऐकून हसला. म्हणाला, "बिबट्या न् फिबट्या. लोकांना बोलायला काही तरी लागतं."

मी जन्मभर मराठी शिकवले. त्यामुळे माणसे बोलू लागली की मला पुस्तके आठवतात. ही खोड आता जायची नाही. त्या दोन-चार दिवसांत मला असे वाटत राहिले, की निसर्गाविषयी आणि माणसाविषयी आपल्या वाङ्मयात जे काही बोलले गेले आहे, ते थोड्याफार फरकाने याच चार तोंडांनी बोलले गेले आहे. आणि त्यातही एक गंमत अशी, की या चौघांपैकी बिबट्याविषयी प्रत्यक्ष कोणीच बोलत नव्हते. आजी पाण्याविषयी बोलत होत्या, आजोबा स्वभावाविषयी, नात अपराधाविषयी आणि दूधवाला लोकांविषयी. बिबट्या आपला कुठल्या तरी भिंतीआड भुकेला बसलेला असणार.

आपल्या समीक्षेत 'निसर्गवर्णन' नावाचा एक वेगळा कप्पा फार दिवस आहे. कादंबरीचे परीक्षण करताना कथानक, व्यक्तिचित्रण, संवाद असे एकेक झाले, की शेवटी दोन ओळी निसर्गवर्णनाला द्यायच्या, जशी पानाच्या डाव्या बाजूला चटणी वाढतात तशा. या कप्प्याने आपले मोठे नुकसान केले आहे असे माझे मत आहे. कारण लेखक झाडाविषयी लिहितो तेव्हा तो माणसाविषयीचे आपले मत सांगून टाकत असतो, बहुधा स्वतःच्या नकळत. ज्याला रान निष्पाप दिसते, त्याला माणूस पापी दिसू लागलेला असतो. ज्याला रानात फक्त नखे आणि दात दिसतात, तो बहुतेक वेळा माणसाच्या नखांची आणि दातांची सफाई देण्याच्या तयारीत असतो. तेव्हा निसर्गलेखकाला विचारायचा प्रश्न 'वर्णन सुंदर आहे काय' हा नव्हे. 'या रानाशेजारी तुम्ही कोणता माणूस उभा केला आहे' हा आहे.

आपली भाषा तर हे दोन कप्पे मुळी मानतच नाही. 'प्रकृती' म्हणजे ही सारी सृष्टी, आणि 'प्रकृती कशी आहे?' म्हणजे तुमचे पोट कसे आहे. सांख्यांनी सगळे जग घडवण्याचे काम ज्या प्रकृतीकडे दिले आणि पुरुषाला नुसते पाहत बसवले, तीच प्रकृती आपल्या वैद्याच्या ओसरीवर वात, पित्त, कफ होऊन नाडीत सापडते. 'निसर्ग' या शब्दाचे तेच. संस्कृतात तो बाहेरच्या देखाव्याआधी अंगच्या मूळ स्वभावाचा वाचक आहे, आणि आपणही 'निसर्गतः' म्हणतो तेव्हा डोंगर-नद्या मनात आणत नाही. 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण खरी असेल, पण तिच्या शेजारीच आपल्याकडे ऋतुचर्या आहे. थंडी लागली की तेल लावा, उटणे लावा, तूपकट खा. हा दिवाळीचा सारा थाट माणसाची प्रकृती ऋतूबरोबर हलते असे धरून चाललेला आहे. (समोरच्या आजोबांना मी हे ऐकवले. त्यांनी चकली मोडली आणि विषय बदलला.)

आमच्या शहरापासून दक्षिणेला सुमारे पन्नास किलोमीटरवर पैठण आहे. तेच सातवाहनांचे प्रतिष्ठान. हाल राजाच्या नावावर असलेली माहाराष्ट्री प्राकृतातली 'गाथासप्तशती' या गोदाकाठची. सदाशिव आत्माराम जोगळेकरांनी 1956 साली तिची मराठी आवृत्ती सिद्ध केली, तेव्हापासून ती सामान्य मराठी वाचकाच्या हाताला लागली. सातशेच्या आसपास दोनदोन ओळींच्या या गाथा. त्यांत शेते आहेत, पाऊस आहे, विंध्याचा डोंगर आहे, हरणे आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक गाथेत कोणी तरी कोणाची तरी वाट पाहत आहे.

तिथला निसर्ग पाहायला कोणी गेलेले नाही. साळीचे शेत पिकून पांढरे झाले म्हणून एक मुलगी मान खाली घालून रडते आहे. आपण म्हणू, पीक आले तर रडायचे कशाला? पण तिची भेटीची जागा त्या उंच साळीत होती, आणि आता कापणी होणार. तिची मैत्रीण तिची समजूत घालते, की तागाचे शेत अजून उभे आहे. हे निसर्गवर्णन आहे की शृंगार? कप्पेवाल्या समीक्षकाने यावर खुशाल वाद घालावा. साळ आणि ताग यांचे कापणीचे दिवस निराळे असतात, ही शेतकऱ्याची माहिती वजा केली तर ती गाथा उभीच राहत नाही. आणि त्या मुलीचे रडणे वजा केले तर उरते ते शेतकी खात्याचे पत्रक.

पण या संग्रहातली सर्वांत गाजलेली गाथा वेगळीच. गोदावरीच्या काठी दाट जाळी आहे. एक धार्मिक बुवा रोज फुले तोडायला तिथे येतो. त्याला भीती एकाच गोष्टीची, एका कुत्र्याची. एक बाई त्याला सांगते, की आता निर्धास्त फिरा. त्या कुत्र्याला आज गोदाकाठच्या जाळीतल्या माजलेल्या सिंहाने मारले. संपली गाथा. नवव्या शतकात काश्मीरात बसून आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धांत मांडला, तेव्हा हेच आमच्या गोदाकाठचे उदाहरण त्याने घेतले. शब्द म्हणतात 'फिर', आणि अर्थ निघतो 'चुकूनसुद्धा फिरू नकोस'. कारण ती जाळी त्या बाईच्या संकेतस्थळाची आहे, आणि बुवाची फुले तिच्या आड येतात. तेव्हापासून हजार-अकराशे वर्षे पंडितांनी या गाथेवर खल केला. वाच्यार्थ कोणता, व्यंग्यार्थ कोणता, हे अनुमान म्हणावे की ध्वनी म्हणावा. एका गोष्टीवर मात्र सर्वांचे एकमत, की सिंह खोटा. बाईने तो रचला. म्हणजे इथे निसर्ग माणसाच्या वासनेचा चाकर झाला. सिंह आला तो रानातून नव्हे, बाईच्या मनातून. आमच्या दूधवाल्याचा पक्ष हा असा फार जुना आणि फार मोठ्या विद्वानांचा आहे.

मीही वर्गात ही गाथा अशीच शिकवीत आलो.

आता उत्तरेला वळू. शंभरेक किलोमीटरवर अजिंठा. तिथे दहाव्या आणि सतराव्या लेण्यांत षड्दंत हत्तीची जातककथा रंगवलेली आहे. दहाव्यातली सातवाहनांच्या काळाजवळची, सतराव्यातली वाकाटकांच्या काळची, पाचव्या शतकातली. लेणी पाहायला जाणारी आपली मंडळी पद्मपाणीसमोर उभी राहतात, मान तिरकी करून डोळे पाहतात आणि परततात. त्यांनी या हत्तीसमोर थोडे थांबावे. सहा सुळ्यांचा हत्तींचा राजा. त्याच्या दोन राण्या. एकदा फुललेल्या सालवृक्षाला त्याने धक्का दिला, तेव्हा एकीच्या अंगावर फुले पडली आणि दुसरीच्या अंगावर वाळक्या काटक्या, पाने आणि तांबड्या मुंग्या. हत्तीने काही मुद्दाम केले नव्हते. वारा कुठून होता आणि कोण कोणत्या बाजूला उभी होती एवढाच तो प्रश्न. पण दुसरीच्या मनात ते राहिले. ती मेली, काशीच्या राजाची राणी होऊन जन्माला आली, आणि तिने त्या हत्तीचे सुळे मागितले. शिकारी गेला, तोही संन्याशाची वस्त्रे पांघरून. बाण लागलेल्या हत्तीने आपले सुळे काढायला शिकाऱ्याला स्वतः मदत केली. सुळे समोर आले तेव्हा राणीला ते पाहवेना, आणि ती दुःखाने गेली.

कथा बोधिसत्त्वाची आहे, क्षमेची आहे, हे खरे. पण मला तिच्यातला तो सालवृक्ष सोडवत नाही. मत्सर हा मनुष्यस्वभाव आहे असे आपण सहज म्हणून जातो. इथे तो हत्तिणीच्या अंगात जन्मतो, मुंग्या चावल्याने जन्मतो, आणि मग माणसाच्या देहात येऊन राजवाड्यातून हुकूम सोडतो. पशूचा स्वभाव आणि माणसाचा स्वभाव यांच्यामध्ये त्या चित्रकाराने भिंत घातलेली नाही. एकच पाणी दोन्ही घागरींत आहे. 'माणसापेक्षा जनावर बरं' असे म्हणणाऱ्या मुलीला वाटेल की अजिंठा तिच्या बाजूचा आहे, कारण हत्ती थोर आणि राणी दुष्ट. पण दुष्टपणाही हत्तिणीचाच होता. तिथे कोणाचीही सुटका नाही.

अजिंठ्याचा घाट उतरला की खानदेश लागतो, आणि धरणगाव. 1890 साली तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे जन्मले, आणि 1918 साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून अठ्ठाविसाव्या वर्षी गेले. बालकवींचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांसमोर हिरवळ, फुले आणि हसरी पहाट येते. निसर्ग म्हणजे आनंद आणि माणूस म्हणजे त्या आनंदाला मुकलेला कोणी तरी, ही जोडी आपल्या मनात घट्ट बसवली ती त्यांच्या कवितेने, किंवा अधिक खरे बोलायचे तर त्यांच्या कवितेतून पाठ्यपुस्तकांनी जे वेचले त्याने. 'फुलराणी' आम्ही तोंडपाठ केली. 'पारवा' आणि 'खेड्यातील रात्र' कोणी पाठ करून घेतल्या नाहीत. त्या कवितांतली पडकी धर्मशाळा, तो काळोख, ते उदास एकटेपण ध्यानात घेतले, की या कवीला निसर्गाने नेहमीच दिलासा दिला असे म्हणता येत नाही. आणि 'औदुंबर' तर मधोमध उभा. आठ ओळींची कविता. टेकडी, झरा, चार घरांचे गाव, वाट, आणि शेवटी काळसर डोहाशी एक झाड. झाडाला कवीने माणसाची बैठक दिली आहे. ते झाड सुखी की विरक्त की निराश, यावर आपल्या समीक्षकांनी किती शाई खर्च केली! मला वाटते, त्या झाडाने आपल्याला उत्तर दिले नाही हीच त्या कवितेची सचोटी. तरीही बालकवींच्या रानाशेजारी उभा राहणारा माणूस मूल तरी आहे किंवा दुखावलेला तरी. काम करणारा माणूस तिथे क्वचित दिसतो.

1956 साल मला लक्षात राहिले आहे ते आणखी एका पुस्तकामुळे. जोगळेकरांची गाथा आली त्याच वर्षी दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' आले. बारा महिने, बारा लेख. मराठी लघुनिबंधात तोवर अशी रीत पडून गेली होती, की लेखक खिडकीतून एक फूल पाहतो आणि दुसऱ्या परिच्छेदात आपल्या आयुष्याकडे वळतो. फूल हे नुसते दार. खरी मैफल आत, लेखकाच्या मनात. दुर्गाबाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी झाडाकडे पाहिले, पुन्हा पाहिले, दुसऱ्या दिवशी जाऊन परत पाहिले. पालवीचा पहिला रंग कोणता आणि चार दिवसांनी कोणता, हे त्या सांगतात. फणसासारख्या, कवींनी वाळीत टाकलेल्या ओबडधोबड झाडालाही त्या वेळ देतात. झाडाकडून त्यांना शिकवण नको आहे, सांत्वन नको आहे, साक्षही नको आहे. मराठीत एवढे निर्हेतुक पाहणे त्याआधी क्वचितच झाले असेल.

मग या पुस्तकात माणूस कोणता आहे? तो आहे डोळा. सांख्यांचा पुरुषच म्हणा ना. प्रकृती नाचते आणि तो पाहतो. ही मोठी गोष्ट आहे, आणि हीच तिची मर्यादाही आहे. ज्येष्ठ कोरडा गेला तर दावणीची जनावरे बाजारात न्यावी लागतात, हा आम्हा मराठवाड्यातल्या माणसांचा ज्येष्ठ. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माणसाला ऋतूंचे चक्र फिरताना दिसत नव्हते. ते अडलेले दिसत होते. तो 'ऋतुचक्रा'चा दोष नव्हे. तो त्या पुस्तकाचा प्रश्नच नव्हता.

माणसाचा प्रश्न दुर्गाबाईंनी 1962 साली 'व्यासपर्वा'त घेतला. आणि मला नेहमी वाटत आले आहे, की द्रौपदीकडे, एकलव्याकडे, अश्वत्थाम्याकडे त्यांनी झाडाकडे पाहावे तसेच पाहिले. कुणाला कोणती पालवी फुटली, कुणाचे कोणते खोड आतून पोखरले. खटला चालवला नाही. पाच वर्षांनी, 1967 साली, इरावती कर्व्यांचा 'युगान्त' आला आणि त्यांनी नेमका खटलाच चालवला. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या, त्यांना माणूस दिसला की आधी त्याचे कुळ, जमीन, वारसा, रीत दिसायची. दोघींचे चाहते एकमेकांशी भांडत असतात. द्रौपदीच्या बाबतीत मी दुर्गाबाईंच्या बाजूचा आहे. पण जिथे रान आणि माणूस समोरासमोर येतात, त्या खांडववनात इरावतीबाईंचा हात धरावा.

खांडववनाची कथा आपण लहानपणी पराक्रम म्हणून ऐकली. अग्नीला यज्ञातले तूप खाऊन खाऊन अजीर्ण झाले होते. त्याची प्रकृती सुधारावी म्हणून एक सबंध अरण्य त्याला खायला द्यायचे होते. दिवाळीच्या फराळानंतर ज्यांनी ओव्याचा अर्क घेतला असेल त्यांनी या उपचाराची तुलना करून पाहावी. कृष्ण आणि अर्जुन दोन बाजूंना उभे राहिले आणि जो जो जीव बाहेर पडू पाहील त्याला त्यांनी परत आगीत लोटले. वाचले ते सहाच. तक्षकाचा मुलगा, मय आणि चार शार्ङ्ग पक्षी. 'युगान्ता'तल्या 'मयसभा' या लेखात इरावतीबाई या कथेवरचे अग्नीचे पांघरूण दूर करतात. तिथे त्यांना दिसते ती जमिनीची हाव. आधीपासून तिथे राहणाऱ्यांना समूळ नाहीसे करून मिळवलेली मोकळी भूमी. वाचलेल्या मयाने मग त्याच पांडवांसाठी सभा बांधली. त्या सभेत दुर्योधन पाणी समजून वस्त्र सावरतो आणि जमीन समजून पाण्यात पडतो. पुढे द्यूत, आणि पुढचे सारे.

अजिंठ्यात मत्सर झाडावरून पडला. इथे तो जळलेल्या रानाच्या जागी बांधलेल्या घरातून निघाला. इरावतीबाईंनी सांगितल्यावाचून ही साखळी मला दिसली नव्हती, हे मी कबूल करतो. आमच्या वसाहतीतल्या त्या मुलीने 'आपण त्याच्या घरात शिरलो' असे म्हटले, त्याला हा फार मोठा आधार आहे. तिच्या म्हणण्यातला 'आपण' मात्र मला खटकतो. खांडव जाळणारे 'आपण' नव्हतो. ठराविक माणसे होती, त्यांना ठराविक जमीन हवी होती. 'मनुष्यस्वभावच असा' म्हटले, की ज्याने जाळले तो आणि जो जळला तो नागही एकाच ओळीत उभे राहतात आणि विचार तिथे थांबतो. स्वभावाला औषध नाही ते असे; औषध शोधायला कोणी जातच नाही.

जमीन हवी असणारा माणूस आपल्या कवितेत सन्मानाने आला तो अजिंठ्याच्याच परिसरातल्या पळसखेड्याहून. ना. धों. महानोर शिक्षण सोडून शेतीत परतले आणि 1967 साली, म्हणजे 'युगान्त' आला त्याच वर्षी, त्यांच्या 'रानातल्या कविता' आल्या. मला गाथेनंतर थेट महानोर आठवतात. एकाच जिल्ह्याची दोन टोके. मध्ये दोन हजार वर्षे. दोघांनाही शेत आणि शरीर यांच्यात सीमा माहीत नाही. पण एक भेद आहे, आणि तो मोलाचा आहे. गाथेतल्या प्रेमिकांना शेत हा आडोसा होता. महानोरांना शेत हीच प्रिया आहे, आणि तीच सावकारीणही आहे. पाऊस न आल्यास ती कवितेत रुसते आणि घरात उपाशी ठेवते. ज्या माणसाने पुढे विधान परिषदेत बसून शेतीविषयी, पाण्याविषयी सांगितले, आणि ज्याच्या 'पानझड' या संग्रहाला 2000 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्याच्या लेखी निसर्ग सुंदर आहे की क्रूर हा वाद शहरी होता. तो पेरीत होता. 2023 च्या ऑगस्टमध्ये महानोर गेले. त्यांच्या शब्दकळेच्या नादावर अनेकांनी लिहिले आणि त्यांच्या गाण्यांनी त्यांना घरोघर पोचवले. पण त्या नादाखाली पेरणाऱ्या माणसाची जी शांत, चिवट समजूत आहे, तिच्यावर लिहायचे अजून बरेच राहिले आहे.

आता पुन्हा गोदाकाठी. 1965 साली पैठणला जायकवाडीच्या धरणाची कोनशिला बसली, 1976 साली धरण देशाला अर्पण झाले, आणि नाथसागर पसरला. आम्ही पुंडलिकनगरात जे पाणी पितो ते तिथलेच. त्या पाण्याने गोदेच्या दोन्ही तीरांना ऊस आला. ऊस वर्षभर उभा असतो, दाट असतो, आत गारवा असतो. बिबट्याच्या मादीला पिले घालायला त्याहून चांगली जाळी कोणती? 2020 च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुमारास, पैठण तालुक्यात आपेगावच्या शिवारात बिबट्याने एका बापाला आणि त्याच्या मुलाला मारले. आपेगाव हे ज्ञानदेवांच्या पूर्वजांचे गाव. ही बातमी मी वाचली तेव्हा मला एकदम ती गाथा आठवली आणि माझी मलाच लाज वाटली. माणसे मेली होती, आणि मला ध्वनिकाव्य सुचत होते.

पण आठवण गेली नाही. मागल्या हिवाळ्यात नातवाला घेऊन मी पैठणला गेलो. नाथांच्या समाधीचे दर्शन झाले, धरण पाहून झाले, आणि परतीला उन्हे कलली असताना आम्ही नदीकडेच्या एका रस्त्यावर थांबलो. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला पात्र. उसाच्या बांधावर एक पन्नाशीची बाई गवताचा भारा बांधीत होती. नातवाने तिला पाणी मागितले. तिने दिले. तिच्याशी बोलता बोलता, मास्तरकीची सवय म्हणून, मी तिला ती गोष्ट सांगितली. बुवा, फुले, कुत्रे, सिंह. आणि अर्थात त्या बाईचा कावा.

तिने भाऱ्याची गाठ आवळली आणि विचारले, "खोटं बोलली ती, हे कुणी सांगितलं?"

मी म्हटले, "सगळेच तसं मानतात, ताई. सिंह कुठून येणार?"

"सिंह नसंल. वाघरू आसंल," ती म्हणाली. "ते आधी कुत्रंच नेतंय, गुरुजी. आमचं दोन नेलं. माणसाच्या अंगावर मग येतंय."

आनंदवर्धनाचे नाव मी काढले नाही. त्या गाथेतले कुत्रे म्हणजे बाईच्या कल्पनेतला एक सोयीचा तपशील, असे मी कित्येक वर्षे पोरांना सांगितले होते. तो तपशील या बांधावर जसाच्या तसा चालत आलेला होता.

बाईने भारा डोक्यावर घेतला. "अंधार पडायच्या आत मोठ्या रस्त्याला लागा," ती म्हणाली, आणि उसाच्या कडेने, जरा जास्तच घाईने, निघून गेली. नातू तिच्याकडे वळून पाहत होता. मी त्याला गाडीत बस म्हटले.